मुलींचं बोलणं वहीत कसं उतरवावं

मी लघुलेखिका आहे. समोरचा माणूस बोलतो ते शब्दाला शब्द कागदावर उतरवायचं, हे माझं रोजचं काम. घरात दोन मुली, थोरली नऊ वर्षांची आणि धाकटी पाच. थोरली वाक्यं बोलायला लागली तेव्हापासून त्यांच्या बोलण्याची वही आमच्याकडे आहे. ज्यांच्या घरी नुकतं बोलायला लागलेलं मूल आहे अशा मैत्रिणी हमखास विचारतात, की ही वही ठेवायची कशी, त्यात लिहायचं काय आणि वेळ कुठून आणायचा. त्यांच्यासाठी हे सविस्तर.

सगळ्यात आधी एवढंच सांगते, की उशीर करू नका. मुलगी काहीतरी बोलते, आपण हसतो, मनात म्हणतो 'हे मी कशी विसरेन', आणि संध्याकाळी तिच्या बाबांना सांगायला जावं तर अर्थ तेवढा हाताशी असतो, वाक्य गेलेलं असतं. यात आपला काही दोष नाही, डोकं असंच चालतं. जॅकलिन सॅक्स या संशोधिकेने १९६७ मध्ये लोकांना एक मजकूर ऐकवला आणि मग त्यातल्या एका वाक्याबद्दल विचारलं. वाक्याचा अर्थ बदलला असेल तर लोक तो फरक ओळखत होते. पण अर्थ तोच ठेवून नुसती शब्दांची मांडणी बदलली, तर अर्ध्या मिनिटाच्या आतच त्यांना फरक सांगणं जड जायला लागलं. मोठ्यांच्या बोलण्यात हे चालून जातं. लहान मुलीच्या बोलण्यात मात्र सगळं मांडणीतच असतं.

थोरली चार वर्षांची असताना मी तापाने पडून होते. ती उशाशी येऊन बसली, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "तुला खूप आलाय. मला थोडा दे. मग दोघींना थोडा थोडा येईल." आता हेच मी 'आईचा ताप वाटून घ्यायला तयार झाली' असं लिहिलं असतं तर आज वाचताना एका समजूतदार मुलीची आठवण झाली असती, पण ही मुलगी त्यात सापडली नसती. 'मला थोडा दे' हे तिचे शब्द आहेत. ताप ही मागून घेता येणारी वस्तू आहे, हा तिचा हिशोब त्या तीन शब्दांत आहे. म्हणून आग्रहाने सांगते: सारांश लिहू नका, वाक्य लिहा.

वही आणि पेन्सिल

यावर फार वेळ घालवू नका. शिवलेल्या बांधणीची, रेघांची, साधी वही घ्या. स्पायरलच्या वहीची पानं निघतात, आणि लहान मुलींच्या घरात ती मुद्दाम काढलीही जातात. लिहायला पेन्सिल. पेन्सिलीत ग्रॅफाइट असतं, म्हणजे कार्बनच; ते उजेडाने विटत नाही आणि पाणी सांडलं तर फुटत नाही. शाईचं तसं नसतं, जेलपेनाची शाई एका थेंबात पसरते. वही सुंदर असावी असा हट्ट धरू नका. सुंदर वहीत आपण सुंदर काहीतरी लिहायला बघतो आणि मग लिहीतच नाही.

जागा मात्र विचार करून ठरवा. कपाटात ठेवलेली वही भरत नाही. आमची दाराजवळ, चाव्यांच्या खालच्या फळीवर असते, आणि पेन्सिल तिला दोरीने बांधलेली. बांधली नाही तर पेन्सिल कुणाच्या तरी चित्राला जाते. बाहेर असताना फोनवर टिपून ठेवायला हरकत नाही, पण झोपण्यापूर्वी ते वहीत आलं पाहिजे. फोनमध्ये राहिलेल्या टिपणांना कुणी परत हात लावत नाही.

वाक्य पकडायचं कसं

'तुला लघुलेखन येतं, तुझं बरं आहे' असं मला ऐकवलं जातं. पण लहान मुलीचं वाक्य आठ-दहा शब्दांचं असतं, त्याला वेग लागत नाही. माझ्या कामातली उपयोगी पडते ती दुसरीच गोष्ट. आपण वाक्याची सुरुवात धरून ठेवतो आणि शेवट सोडून देतो. उलटं करा. मराठी वाक्याचा जीव शेवटी असतो, क्रियापदात आणि त्यामागून येणाऱ्या 'ना', 'हं', 'की', 'नाहीतर' यांच्यात. ते आधी लिहा. मग आधीचं. 'मी दार आतून लावलंय, पण तू घाबरू नकोस, मी आत आहे ना,' असं धाकटी न्हाणीघरातून ओरडली होती. त्यातला 'ना' गेला तर ती नुसती माहिती उरते. 'ना' आहे म्हणून ती मला धीर देत होती हे कळतं.

हातात पोरगी असेल, गॅस चालू असेल, तर ते वाक्य तिच्याच सुरात दोन-तीनदा पुटपुटा. सूर धरला की शब्द मागून येतात. आणि तिला 'काय म्हणालीस? परत बोल' असं म्हणू नका. दुसऱ्यांदा ती तुमच्यासाठी बोलते. ते वाक्य वेगळं असतं, बहुतेक वेळा नीटनेटकं केलेलं.

नोंद कशी दिसावी

तारीख, कोण, वय, कुठे. मग आधी काय चाललं होतं ते एका ओळीत. मग बोलणं. मग पुढे काय झालं ते एका ओळीत. बस. बालभाषेचे अभ्यासक वय '४;२' असं लिहितात, म्हणजे चार वर्षं दोन महिने. मीही तसंच लिहिते, कारण या वयात दोन महिन्यांनी मुलगी वेगळं बोलायला लागते आणि नुसतं 'वय चार' लिहून काही कळत नाही.

वहीतली एक नोंद जशी आहे तशी देते:

"धाकटी ४;२. रात्री, अंथरुणावर. दोघींची उशीवरून ओढाओढ.
थोरली: तू जन्मायच्या आधीपासून ही उशी माझी आहे.
धाकटी: माहितीये. मी बघत होते.
थोरली: कुठून?
धाकटी: वरून. तू नीट वापरत नव्हतीस.
(थोरलीने उशी देऊन टाकली.)"

कंसातली शेवटची ओळ वाचा. धाकटीचं उत्तर कुणीही लक्षात ठेवेल आणि चार ठिकाणी सांगेल. पण थोरलीने त्या उत्तरावर काही न बोलता उशी देऊन टाकली, हे लिहिलं नसतं तर हरवलं असतं, आणि त्या रात्रीची माझी थोरली त्याच ओळीत आहे. दुसरं मूल असलेल्या घरात नेहमी दोघींचं लिहा. धाकट्या मुलांचं बोलणं बहुतेक वेळा कुणाला तरी उत्तर म्हणून येतं. ज्याला उत्तर दिलं ते वाक्य नसेल तर नोंद अर्धी राहते.

विशेषणं टाळा. 'किती गोड', 'निरागसपणे', 'डोळे मोठे करून'. गोड असेल तर ते वाक्यात आहेच. डोळे खरंच मोठे केले असतील तर लिहा, एरवी नको.

चुका सुधारू नका

धाकटी साडेतीन वर्षांची असताना 'मी करलं' म्हणायची आणि 'मी आजीकडे जाले होते' म्हणायची. वहीत ते तसंच आहे. सासूबाईंना हे पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं, चुकीचं लिहून ठेवायचं कशाला, पोरीला मोठेपणी लाज वाटेल. मी त्यांना एवढंच विचारलं, की 'करलं' हा शब्द या घरात कोण म्हणतं? कुणीच नाही. मग तो तिने आणला कुठून? तिने तो बनवला. धर-धरलं, भर-भरलं, मग कर-करलं. नियम बरोबर आहे, 'केलं' हाच शब्द नियम मोडून बसलाय. जीन बर्को यांनी १९५८ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या लहान मुलांना चित्र दाखवून एका काल्पनिक प्राण्याचं बनवलेलं नाव सांगितलं आणि असे दोन प्राणी असतील तर काय म्हणायचं ते विचारलं. ते नाव मुलांनी आयुष्यात ऐकलेलं नव्हतं, तरी बहुतेकांनी त्याचं अनेकवचन बरोबर केलं. म्हणजे मुलं नुसती ऐकलेलं परत म्हणत नाहीत, नियम शोधून काढतात आणि तो सगळीकडे लावून बघतात. कित्येकदा तर आधी बरोबर 'केलं' म्हणणारी मुलगी मधेच 'करलं' म्हणायला लागते. ती मागे जात नसते, तिला नियम सापडलेला असतो.

मुलींच्या बाबतीत मराठीत आणखी एक गोष्ट टिपण्यासारखी असते. आपलं 'मी' बोलणाऱ्याचं लिंग क्रियापदात घेतं. त्यामुळे दिवसभर बाबाबरोबर असलेली मुलगी 'मी पण येतो' म्हणते. आमची धाकटी बरेच दिवस बाबांशी बोलताना 'येतो' आणि माझ्याशी बोलताना 'येते' म्हणायची. कुणी शिकवलं नाही, कुणी रोखलंही नाही. वहीत दोन्ही एका पानावर आहेत.

घरात दोन भाषा चालत असतील तर जे वाक्य ज्या भाषेत आलं त्याच भाषेत लिहा, भाषांतर करू नका. वर्नर लिओपोल्ड नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने आपल्या हिल्डेगार्ड या मुलीशी जर्मनच बोलायचं ठरवलं होतं आणि तिची आई तिच्याशी इंग्रजीत बोलायची. तिच्या बोलण्याच्या त्याने इतक्या नेटाने नोंदी ठेवल्या की १९३९ ते १९४९ या काळात त्याचे चार खंड निघाले. आपल्याला खंड काढायचे नाहीत. पण एका वाक्यात दोन भाषा कशा मिसळल्या हे भाषांतरात पहिल्यांदा मरतं, एवढं लक्षात ठेवा.

शेवटचं कधी म्हणाली

पहिलं पाऊल, पहिला शब्द, पहिला दात हे सगळ्यांच्या लक्षात असतं. शेवटचं कुणाच्याच लक्षात येत नाही, कारण शेवटचं घडत असताना ते शेवटचं आहे हे माहीत नसतं. 'करलं' कधी गेलं? एक दिवस ती 'केलं' म्हणत होती आणि मला आठवेना की हे कधीपासून.

त्यावर मी एक उपाय काढला आणि तो सगळ्यांना करायला सांगते. महिन्याच्या पहिल्या तारखेला वहीच्या मागच्या बाजूला एक यादी करा: सध्या ती आपल्या पद्धतीने म्हणते ते सगळे शब्द, बनवलेली नावं, उलटसुलट अक्षरं, ठरलेले प्रश्न. पाच मिनिटं लागतात. मी त्याला हजेरी म्हणते. पुढच्या महिन्यात आधीच्या यादीवरून नजर फिरवा आणि जे ऐकू आलं नाही त्यावर बारीक रेघ मारा. एखादा शब्द दोन महिने गैरहजर राहिला की तो गेला. थोरलीचे पुढचे दात पडले तेव्हा 'स' म्हणताना हवा सुटायची आणि तो 'थ'सारखा ऐकू यायचा. दात आल्यावर तो गेलाही. हजेरीत त्याचा महिना सापडतो.

शब्दच कशाला, खेळांचीही हजेरी ठेवा. धाकटी लपाछपीत मला आधी सांगायची, "तू दहापर्यंत म्हण, मी कपाटामागे लपते." मी शोधायला गेले की कपाटामागून खूश होऊन बाहेर यायची. तिला माहीत असलेलं मला माहीत नसू शकतं, ही गोष्ट या वयात अजून पक्की झालेली नसते. विमर आणि पेर्नर यांनी १९८३ मध्ये बाहुल्यांच्या गोष्टीतून हे तपासलं होतं. गोष्टीतला मुलगा एक वस्तू एका जागी ठेवून जातो, त्याच्यामागे ती दुसरीकडे हलवली जाते. परत आल्यावर तो कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं जिथे ती वस्तू आता आहे ती जागा दाखवतात. चार-पाच वर्षांच्या पुढे बरीच मुलं आधीची जागा दाखवायला लागतात, कारण त्याला काय माहीत असेल हे त्यांना वेगळं धरता येतं. आमच्या वहीत ४;५ ला एक ओळ आहे: "आज कुठे लपणार ते सांगितलं नाही. खरंच शोधावं लागलं." त्या दिवशी मला किती आनंद झाला आणि आत कुठेतरी काय हललं ते मी लिहिलेलं नाही. लिहायची गरजही नाही, ती ओळ वाचली की दोन्ही परत येतं.

कमी बोलणारी मुलगी

'माझी फार बोलत नाही, काय लिहू?' असं एक आई मला म्हणाली. मग हात काय करतात ते लिहा. आपलं पांघरूण ओढत आणून झोपलेल्या आजीच्या पायावर टाकलं. वेणी घालताना आरसा उलटा धरला. बाहुलीला दाराकडे तोंड करून बसवलं, कुणाची वाट बघायला. कृतीलाही क्रम असतो, तोच नेमका लिहायचा. ज्या मुली उशिरा बोलतात त्यांच्या वह्यांत हे जास्त असतं आणि अशा वह्या मला मनापासून आवडतात. बोलणं फारच मागे पडतंय असं वाटलं तर ते डॉक्टरांना दाखवायचंच. तेव्हाही 'अमुक महिन्यात हे करत होती' हे लिहिलेलं हाताशी असेल तर खूप कामाला येतं.

एकटी असताना

सगळ्यात मोलाचं बोलणं मुली कुणाशी न बोलता करतात. खेळताना, अंथरुणात, झोप येण्याआधी. एमिली नावाच्या एका लहान मुलीच्या आई-वडिलांनी ती दोन वर्षांच्या आगेमागे असताना झोपण्यापूर्वीचं तिचं स्वगत ध्वनिमुद्रित केलं होतं, आणि त्यावर अभ्यासकांच्या एका गटाने कित्येक वर्षं काम केलं. मुख्य म्हणजे आई-वडिलांशी बोलताना ती जेवढं बोलायची त्यापेक्षा एकटी असताना जास्त अवघड, जास्त लांब बोलायची. तुम्हीही दाराबाहेर थांबून ऐका. आत जाऊ नका.

एका दुपारी धाकटी बाहुलीला दटावत होती. माझाच सूर, माझेच शब्द: "मी आता शेवटचं सांगतेय हं. शेवटचं म्हणजे शेवटचं." मग बराच वेळ काही नाही. मग हळू आवाजात, "बरं, अजून एकदा सांगते." मी दाराबाहेर उभ्या उभ्या हातावर लिहून घेतलं.

आवाज कधीतरी मुद्रित करूनही ठेवा. वाक्य कागदावर राहतं पण तो चिरका, घाईचा, श्वास मधेच घेणारा आवाज राहत नाही. महिन्यातून एखाद्या वेळी पुरे. फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असे आकडे द्या, म्हणजे त्या आपोआप ओळीने लागतात. आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

चित्रं

चित्रामागे लगेच पेन्सिलीने लिहा: नाव, तारीख, वय, आणि विचारल्यावर ती काय म्हणाली. 'हे काय काढलंस?' असं विचारू नका, 'मला याच्याबद्दल सांग' म्हणा. थोरलीने घरातल्या सगळ्यांचं चित्र काढलं होतं, त्यात मला एका हाताला सात बोटं होती. मागे लिहिलंय: "आईला जास्त दिलीत. तिला टायपिंगला लागतात." हे मागे नसतं तर ती सात बोटं नुसती चूक ठरली असती. चित्रांना चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांत ती पिवळी पडते आणि कागदावर डाग उमटतो.

हसणं, आणि कुणाला सांगणं

मुलगी गंभीरपणे बोलत असेल तेव्हा तिच्या तोंडावर हसू नका. हे जमवायला लागतं. धाकटीचे केस दोन बोटं लांब असताना तिला ताईसारखी वेणी हवी होती. मी कशीबशी चार केसांना रबर लावलं. तिने आरशात बघितलं, मागचं दिसेना, आणि म्हणाली, "मला दिसत नाहीये, पण मला कळतंय की छान आहे." अशा वेळी हसू आलं तर पाठ करून उभं राहायचं आणि लिहायला लागायचं. लिहायला लागलं की चेहरा आपोआप सरळ होतो.

पाहुण्यांसमोर 'ते परवाचं म्हणून दाखव' हे तर अजिबात नको. एकदा टाळ्या मिळाल्या की मुलगी टाळ्यांसाठी बोलायला लागते, आणि मग वहीत लिहिण्यासारखं काही येत नाही. तिच्या बोलण्यावर तुमचा हक्क नाही, तुम्ही फक्त टिपून घेताय. इंटरनेटवर टाकायचं नाही, हा आमच्या घरचा नियम आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. पाच वर्षांच्या मुलीला संमती देता येत नाही, आणि पंधरा वर्षांच्या मुलीला तिच्या वर्गात ते कुणी वाचून दाखवलं तर ते परत घेता येत नाही. वहीतही काय घ्यायचं नाही ते ठरवा. अंधारात कानात सांगितलेली भीती, अंथरूण ओलं झालेली सकाळ, तिने दुसऱ्या कुणाबद्दल विश्वासाने सांगितलेलं, हे मी लिहीत नाही.

थोरली सात वर्षांची झाली तेव्हा तिने वही मागितली आणि सलग बसून वाचली. एका पानाशी थांबली. मी म्हटलं, नको असेल तर खोड. तिने खोडलं नाही, बाजूला आपल्या अक्षरात लिहिलं: "हे आजीला वाचून दाखवायचं नाही." तेव्हापासून ते पान वाचताना वगळलं जातं. आता ती धाकटीच्या नोंदी स्वतःही लिहिते. ऱ्हस्व-दीर्घ तिच्या मनाचं असतं, आणि त्यालाही मी हात लावत नाही.

घरातल्या इतरांनाही लिहू द्या, नोंदीखाली नावाचं एक अक्षर पुरे. क्लारा आणि विल्यम स्टर्न या जर्मन दांपत्याने १९०० मध्ये जन्मलेल्या थोरल्या हिल्डेपासून तिन्ही मुलांच्या रोजनिशा ठेवल्या आणि १९०७ मध्ये बालभाषेवर मोठं काम प्रसिद्ध केलं. त्यातला लिहिण्याचा मोठा भार क्लाराबाईंनी उचलला होता. आमच्याकडे सासूबाई सांगतात आणि मी लिहिते. त्या सांगताना दर वेळी थोडी भर घालतात. मी पहिल्यांदा सांगितलेलं लिहिते, आणि नंतरच्या भरीतलं छान असेल तर खाली 'आजीच्या सांगण्यात' असं म्हणून तेही.

उशीर झाला असेल तर

मुलगी सहा-सात वर्षांची झालीय आणि काहीच लिहिलेलं नाही, तरी निराश होऊ नका. जुने मेसेज उघडा, नवऱ्याला, बहिणीला, आईला पाठवलेले, आणि त्यात 'म्हणाली' हा शब्द शोधा. थक्क व्हाल. त्या क्षणी धाडलेलं असल्यामुळे शब्दही बहुतेक खरे असतात. चार्ल्स डार्विनने १८३९ च्या अखेरीस जन्मलेल्या आपल्या थोरल्या मुलाच्या नोंदी ठेवल्या होत्या. फ्रान्समध्ये इपॉलित तेन यांनी आपल्या मुलीच्या बोलण्याबद्दल लिहिलेला लेख वाचून त्याने ती जुनी रोजनिशी बाहेर काढली आणि १८७७ मध्ये त्यावर लिहिलं, म्हणजे नोंदी करून ३७ वर्षं झाल्यावर. एका बापाचं वाचून दुसऱ्या बापाला आपली वही आठवली. तुमचेही कागद कुठेतरी असतील.

वाचून कधी दाखवायचं

लवकर. पाच-सहा वर्षांच्या मुलींना तीन वर्षांच्या असतानाचं पुष्कळ आठवतं. आठ-नऊ वर्षांपर्यंत त्यातलं बरंच पुसलं जातं, आणि मोठेपणी बहुतेकांना तीन वर्षांच्या आधीचं काहीच आठवत नाही. ज्या घरांत झालेल्या गोष्टी मुलांशी खुलवून बोलल्या जातात, तिथल्या मुलांच्या आठवणी जास्त भरलेल्या असतात. म्हणून वही वीस वर्षांनी भेट देण्यासाठी बांधून ठेवू नका. आम्ही वर्षातून दोन-तीनदा सगळे मिळून वाचतो. वाचताना मुली दुरुस्त्या करतात, आणि त्या दुरुस्त्या दुसऱ्या रंगाच्या पेन्सिलीने आजच्या तारखेसह घालायच्या. 'तू लहान होतीस तेव्हा माझी वेणी कोण घालायचं?' असं धाकटीने मला विचारलं होतं, ते वाचल्यावर थोरलीने तिला समजावून सांगितलं की तेव्हा तू नव्हतीसच. धाकटीला ते अजून मान्य नाही. तेही लिहिलंय.

वही भरली की पानापानाचे दिवसाच्या उजेडात फोटो काढा आणि आवाजाच्या फाइलींबरोबर ठेवा. दोन मुली असतील तर मूळ वही एकच राहणार, म्हणून प्रत्येकीसाठी छापील प्रत काढायची तयारी आत्तापासूनच ठेवा. पाठीवर पहिली आणि शेवटची तारीख घाला. आणि नवी वही जुनी संपायच्या आधीच आणून ठेवा, कारण मधल्या दिवसांतही मुली बोलतच असतात.